गौरीला कव्हर

मी फक्त तीन शब्द बोलले. "माझ्याकडे दोन आहेत." बोलून फोन ठेवला, रिमोटवरचं प्लॅस्टिकचं कव्हर पदरानं पुसलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एकच आहे.

गौरीच्या मुखवट्याबद्दल म्हणतेय मी. आमच्या सासूबाईंकडे पितळी मुखवट्यांची जोडी होती, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सासूबाई गेल्या तेव्हा मुलांनी जमीन वाटली, भांडी वाटली, शिवणयंत्राचं टेबल एकाला आणि यंत्र दुसऱ्याला असं वाटलं, आणि शेवटी हे दोन मुखवटे उरले. शहाण्या माणसांनी जोडी एका घरात ठेवली असती. आम्ही शहाणे नव्हतो, सख्खे होतो. एक मुखवटा मला आला, एक माझ्या धाकट्या जावेला, अनुराधाला. पुढं दोघे भाऊ पोटापाण्यासाठी दुबईत आले, त्यांच्यामागून आम्ही दोघी आलो, आणि आमच्या बॅगांतून दोघी गौरीही आल्या. (त्यांना व्हिसा लागला नाही. आमच्या घरात त्यांचंच नशीब चांगलं.)

तेव्हापासून नियम असा की एक वर्ष गौरी माझ्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. जिची पाळी नाही तिनं आपला मुखवटा घेऊन दुसरीकडं जायचं. यंदा पाळी माझी. आणि चार दिवस आधी अनुराधाचा फोन.

"वहिनी, यंदाही माझ्याकडेच करूया का?"

"का गं?"

"तसं काही नाही. पण तुमच्या देरा भागात पार्किंग मिळत नाही. तुमची लिफ्टही मागच्या वेळी अडकली होती. माझ्या ऑफिसच्या बायका येतात ना, त्यांना जरा कम्फर्टेबल नाही होत."

अनुराधा एमबीए आहे. राहते डिस्कव्हरी गार्डन्सला, तिथं झाडांनासुद्धा नंबर आहेत. मी चौथी पास, राहते देराला, खाली मासळीचं दुकान, वर आम्ही. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात असं हिनं पंचांगात वाचलं, तेव्हापासून हिला वाटतं त्या हिच्यावरच येतात.

मी म्हटलं, "गौरी कार घेऊन येत नाहीत, कुंकवाच्या पावलांनी येतात. त्यांना पार्किंग कशाला लागतंय?"

"त्यांचं ठीक आहे हो. बाकीच्यांचं काय?"

"मग ठेव तुझी तुझ्याकडं. माझ्याकडे दोन आहेत."

तिकडून आवाज आला, "दोन? दुसरा कधी घेतला?"

"घेतला."

"आपल्यासारखाच मिळाला?"

"डिट्टो," मी म्हणाले. (या शब्दाचं स्पेलिंग मला येत नाही, पण खोटं बोलायला स्पेलिंग लागत नाही.)

त्याच तिरीमिरीत मी पंचवीस बायकांना हळदीकुंकवाचं आमंत्रणही देऊन टाकलं. आता माघार घ्यायची तर पंचवीस फोन करावे लागणार होते, आणि सव्विसावा अनुराधाला. तो मी मेले तरी करणार नव्हते.

विकत घ्यायचं बघितलं नाही असं नाही. खाडीपलीकडं बर दुबई भागात जाऊन दुकानात मुखवटा बघितला. तीनशे दिरहॅम, म्हणजे सात हजारांच्या वर. पैशाचं सोडा, तोंड बघा त्याचं. भुवया कोरलेल्या, ओठ लालभडक, ब्यूटी पार्लरमधून उठून थेट काउंटरवर. आमच्या गौरींचं नाक जरासं डावीकडं वळलेलं आहे. दोघींचंही. घडवताना तांबटाला शिंक आली असणार, आणि जोडी जुळावी म्हणून तो दुसऱ्या वेळी मुद्दाम शिंकला असणार. असं नाक दुकानात मिळत नाही.

तेव्हा मला आमच्या ह्यांची आठवण झाली. म्हणजे हे समोरच बसले होते, पण आठवण तेव्हा झाली.

आमचे हे, रामचंद्र, रास अल खोरला प्लॅस्टिकच्या वर्कशॉपमध्ये फोरमन आहेत. केकचे ट्रे, दुकानाच्या पाटीवरची फुगीर अक्षरं, खजुराच्या डब्यात एकेक खजूर बसायला खळगे असतात तो ट्रे, हे सगळं ते करतात. एकोणीस वर्षं करतात. एकोणीस वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की कसं करतात. त्या रात्री जेवताना विचारलं, तर माणूस इतका खुलला की आमटी गार झाली.

"सोपं आहे," हे म्हणाले. हातात भाजलेला पापड घेतला, ताटात वाटी पालथी घातली. "ही शीट. ही चारी बाजूंनी फ्रेममध्ये आवळायची. वरून हीटर. शीट मऊ पडली की मधोमध झोळ येतो. मग खालून मोल्ड वर येतं, ही वाटी. शीट वाटीवर बसली की खालचा पंप मधली हवा ओढून घेतो. शीट वाटीला अशी चिकटते, अशी चिकटते..." पापड मोडला.

"कळलं. मग थंड झाली की आकार धरते. एवढ्याला एकोणीस वर्षं लागली?"

"पण मोल्डला ढाळ पाहिजे. खाली रुंद, वर निमुळतं. इडलीपात्रातून इडली निघते ना? आता तांब्यात इडली लावून बघ."

"तांब्यात कोण इडली लावतं?"

"तेच सांगतोय. मुखवट्याला हनुवटी आहे. हनुवटीखाली खाच आहे, कानामागं खाच आहे. मऊ शीट त्या खाचेत शिरणार. आणि थंड होताना ती आक्रसते. मग सोडत नाही, मुक्ता."

"घरातलं काम सांगितलं की तुम्हाला बरोब्बर खाचा आठवतात."

"खाचा बुजवता येतील. प्लास्टरनं. आणि हवा निघून जायला मोल्डला बारीक भोकं लागतात."

"सासूबाईंच्या गौरीला तुम्ही ड्रिल लावणार?"

आईचं नाव निघाल्यावर ह्यांनी पापडाचे तुकडे गोळा केले. म्हणाले, "बरं, भोकं नाहीत. पण सगळं कोरडं पाहिजे. ओलं काही चालत नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. नंतर भांडण झालं तेव्हा मी ऐकलं नाही असं म्हणाले, पण तुम्हाला खरं सांगते, ऐकलं होतं.

शनिवारी दुपारी गेलो. त्यांचा अरबाब, म्हणजे मालक, दोन वाजता जेवायला घरी जातो आणि झोप काढून चारला येतो. मशीनवर अक्रम होता, पेशावरचा, पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यानं मुखवटा दोन्ही हातांत घेतला, नीट न्याहाळला आणि अदबीनं म्हणाला, "भाभीजी, ये आप की वालिदा हैं?"

"माँ नहीं, सास की देवी है," मी म्हणाले.

"माशाल्ला. नाक खानदानी है."

मला हा माणूस तिथंच पटला.

ह्यांनी आधी हुशारी केली. फळीला अंड्यासारखं भोक पाडलं आणि मुखवटा खालून त्यात असा बसवला की कान आणि हनुवटी फळीखाली, चेहरा तेवढा वर. पांढरी शीट लावली, हीटर ओढला, आणि हे सेकंद मोजायला लागले. चाळीस, एकेचाळीस. मी मधेच विचारलं, "अनुराधाला हळदीकुंकवाला काय द्यायचं?" हे म्हणाले, "आं?" आणि मोजणी चुकली. शीट जास्तच मऊ पडली, पंप सुरू झाल्यावर चेहऱ्याभोवती तिच्या अशा जाड चुण्या पडल्या की देवीनं घुंगट घेतल्यासारखं दिसायला लागलं.

"मारवाड्यांकडं चालेल," मी म्हटलं. "दुसरी लावा."

दुसरी शीट ह्यांनी मला बाहेर उभी करून काढली. ती सुटलीही झटकन. पण हवा जायला भोकं नाहीत, त्यामुळं डोळ्यांच्या आणि ओठांच्या खळग्यात हवा अडकलेली. नाक गुळगुळीत, कान नाहीत, हनुवटी नाही. बसच्या काचेला तोंड लावून झोपलेली बाई जशी बाहेरून दिसते, तशी.

"छान आहे की," हे म्हणाले. "सोनेरी रंग मारतो पाटीचा. लांबून काय कळतंय?"

इथं थांबले असते तर ही गोष्ट तुम्हाला कळलीच नसती. पण मला अनुराधाचा "आपल्यासारखाच?" आठवला. मी म्हटलं, "कानासकट पाहिजे. हनुवटीसकट. मुखवटा फळीच्या वर काढा, पूर्ण."

"खाचा?"

"त्याची सोय मी केलीय," म्हणून मी पिशवीतून डबा काढला. प्लास्टर मला नको होतं. देवीच्या मानेला प्लास्टर, बघणाऱ्याला वाटायचं जिन्यावरून पडली. पीठ म्हणजे अन्न. आणि घरात कालचं मळलेलं शिल्लक होतं.

"कणीक आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"कणीकच."

अक्रमनं वाकून वास घेतला. "भाभीजी, इस में से भटूरे की खुशबू आ रही है."

होतंच ते भटुऱ्यांचं. मैदा, दही, यीस्ट. पण पुरुषांना स्वयंपाकातलं सगळं सांगत बसलं तर कामं व्हायची नाहीत. मी कानामागं थापलं, हनुवटीखाली चांगली मूठभर लावलं, बोटानं सारखं केलं. पांढऱ्या शीट संपल्या होत्या म्हणून खजुराच्या डब्यांची पातळ पारदर्शक शीट लावली. आतून रंगवू, हे म्हणाले.

आणि काय सांगू. मुखवटा वर आला, पंपानं हवा ओढली, शीट पातळ म्हणून खळग्यांतही बसली आणि गौर जशीच्या तशी उमटली. डोळ्यांच्या कडा, कुड्यांची भोकं, नाकाचं ते डावं वळण. ओल्या पिठाची वाफ होऊन हनुवटीखाली तेवढे दोन फोड आले. मी हात जोडले. अक्रम म्हणाला, "वाह." हे म्हणाले, "आता काढ."

निघेना.

ह्यांनी ओढलं. अक्रमनं ओढलं. मग अक्रमनं हवेची नळी आणून कडेनं फुंकर मारली. शिट्टी वाजली, गौर बेडकासारखी फुगली आणि पुन्हा घट्ट बसली. शीट आक्रसून हनुवटीखाली गेली होती, पीठ दबलं होतं, आणि प्लॅस्टिकनं आमच्या सासूबाईंची आठवण गळ्याशी धरून ठेवली होती.

"कटरनं चीर देतो," हे म्हणाले.

"तोंडावर कटर? सणाला? हात लावून बघा."

"मग हीट गन. गरम केलं की सैल होईल."

"भाजणार तिला?"

"मुक्ता, तुला ती काढायची आहे का नाही?"

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अरबाब अर्धा तास आधी उठला होता. अक्रमनं कात्रीनं कडेकडेनं शीट कापली, मुखवटा आणि ते पुसट तोंड माझ्या पिशवीत टाकलं आणि म्हणाला, "खलास भाभीजी, यल्ला," म्हणजे झालं, निघा आता. अशी आमची गौर प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होऊन टॅक्सीनं माहेरी आली.

रविवारी आवाहन झालं. दोघी उभ्या केल्या. एकीला ह्यांनी सोनेरी रंगवलेलं दुसऱ्या शीटचं ते पुसट तोंड, दुसरीला खरा मुखवटा, कव्हरसकट. हनुवटीखालचं पीठ ठुशी आणि पदरात लपवलं, कान गजऱ्यांत. माझी लेक वैभवी दारात उभी राहून बघत होती.

"आई, शी इज स्टिल इन द बॉक्स."

"मराठीत बोल."

"मराठीत वाईट वाटेल तुला."

सोमवारी पूजन. पुरणपोळ्या लाटून कंबर गेलेली, समया पेटलेल्या, पंचवीस बायका दोन खोल्यांत, आणि एसी म्हाताऱ्यासारखा नुसता धापा टाकतोय. बायका एकेक करून हळदीकुंकू वाहत होत्या, आणि आदल्या दिवशी येऊन गेलेली एक शेजारीण माझ्या कानाशी लागली.

"कालपेक्षा ही जरा भरल्यासारखी वाटते, नाही?"

मी बघितलं. खरंच. ठुशी वर उचलली गेली होती. गालाच्या खाली गोलाई आली होती.

"माहेरी आली की बाई भरतेच," मी म्हणाले. आणि ठुशी खाली दाबली, कारण यीस्टचं पाकीट मी स्वतः फोडलं होतं.

सात वाजता अनुराधा आली. पैठणी, मोत्यांचा सेट, खांद्याला मोठी बॅग. बॅग खाली ठेव म्हटलं तरी ठेवेना. सरळ गौरींसमोर जाऊन उभी राहिली. आधी कव्हरवालीकडं बघितलं.

"ही नवी ना?"

आता काय सांगणार? पॅकिंगमधली जुनी कोण म्हणेल? "हो," मी म्हणाले.

"सुंदर आहे. अगदी डिट्टो." मग तिनं त्या सोनेरी पुसट तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आणि ही सासूबाईंची? किती झिजली हो, वहिनी."

"दर वर्षी चिंचेनं घासते मी."

"कानसुद्धा गेले."

"चिंच आंबट होती."

"नवीवरचं कव्हर का नाही काढलं?"

"देराला धूळ किती असते तुला काय माहीत? तुमच्याकडं झाडं आहेत."

मागून एक बाई माझ्या मदतीला आली. "बरोबर केलंत. आमच्या सोफ्याचंही मी अजून काढलं नाही, सहा वर्षं झाली." दुसरीनं फ्रिजचं सांगितलं. दुबईत ही एक बरी गोष्ट, इथं सगळे परत जायच्या तयारीनं राहतात, त्यामुळं कव्हर कोणी काढत नाही. मला धीर आला. आज रात्रीपर्यंत निभावलं की जिंकले, असा मी हिशेब केला आणि आरतीला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्याला ठुशी तुटली. मणी घरंगळले. मी आवाज चढवला. तिसऱ्या कडव्याला हनुवटीखालून पांढरं काहीतरी बाहेर डोकावलं. मी टाळ्या जोरात वाजवल्या. आणि शेवटाला सगळ्या एका सुरात असताना "टप्" असा आवाज झाला, कव्हर देवीच्या तोंडावरून सुटलं, मागं आंबलेल्या पिठाची शेपटी घेऊन हवेत गेलं आणि अनुराधाच्या पुढ्यात हळदीकुंकवाच्या तबकात पालथं पडलं.

घरभर भटुऱ्यांचा वास सुटला.

वर खरी गौर. पितळी, लखलखीत, कानासकट, नाक डावीकडं. खाली तबकात तिचंच रिकामं तोंड. बाजूला ती पुसट सोनेरी. एका घरात तीन चेहरे, आणि चौथा माझा, जो तेव्हा कुणी बघू नये असं मला फार वाटत होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून आमचे हे डोकावले. "ढाळ नव्हता," एवढंच बोलले आणि आत गेले.

अनुराधानं ते तोंड उचललं. बाहेरून बघितलं, आतून बघितलं. मला वाटलं आता ही इंग्रजीत काहीतरी बोलणार. मी कंबर कसली. पंचवीस बायकांसमोर हरायचं तर निदान भांडून हरायचं.

पण तिनं खांद्यावरची बॅग उघडली, आतून सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेला मुखवटा काढला आणि छातीशी धरून उभी राहिली.

"फोनवर बोलले ते बोलले," ती हळू म्हणाली. "पण पाळी तुमची होती, म्हणून घेऊन आले. आल्या आल्या ठेवणार होते. तर तुमच्याकडे दोन. म्हटलं, वहिनी एकदा म्हणतील, अनुराधा, तुझी आण. एवढंच ऐकायचं होतं."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी गौरीच्या गळ्याचं पीठ पुसलं, पुसट तोंड उचकटून काढलं, कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाले, "बघतेस काय? आण पुढं. हात भरलेत माझे पिठानं."

तिनं ठेवला. दोघी शेजारी आल्या. दोघींची नाकं एकाच बाजूला, डावीकडं, माझ्या स्वयंपाकघराकडं, जणू दोघींनाही भटुऱ्यांचा वास आला होता. आरती पहिल्यापासून पुन्हा झाली. पुरणपोळ्या संपल्या. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला, मी तिच्या पदरात नारळ घातला, आणि आम्ही दोघींनी डोळे पुसले. (धुपानं.)

मला वाटलं मिटलं. आठवड्यानं तिचा फोन आला. मी गोडच बोलायचं ठरवलं होतं.

"वहिनी, पुढच्या वर्षी माझी पाळी. तुमची घेऊन याल ना?"

"येईन की. माझ्या सासूची गौर आहे, न आणून कसं चालेल?"

"पार्किंग आहे आमच्याकडे. लिफ्टही चालते."

"हो गं."

"फक्त एक करा."

"काय?"

"येताना कव्हर काढून आणा."

मी फोन आपटला. आजूबाजूला कुणी ऐकलं तर नाही, हे बघितलं. हे आणि वैभवी दोघंही भिंतीकडं तोंड करून बसले होते आणि दोघांचे खांदे हलत होते. त्यांचं हसणं ऐकू येऊ नये म्हणून मी टीव्ही मोठा करायला रिमोट उचलला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठ्यानं, मग दातांनी. आवाज काही वाढेना.

कव्हर.